कैलास कोणी कोरला, हे मुलांना दाखवा

वेरूळच्या कैलास लेण्याचा विषय निघाला की शाळकरी मुलांतलं एखादं तरी विचारतंच, "ते परग्रहावरच्या लोकांनी केलंय ना?" मुलांचा यात काही दोष नाही. मोबाइलवर कैलास शोधलं की ज्या चित्रफिती समोर येतात, त्यांत कोणीतरी गंभीर आवाजात हेच सांगत असतं. चार लाख टन दगड, अठरा वर्षं, रोजचे बारा तास. म्हणजे तासाला पाच टन दगड फोडला पाहिजे. छिन्नी-हातोड्याने हे होणं शक्य आहे का? मग पडद्यावर प्रश्नचिन्ह येतं आणि मागे संगीत वाजतं.

अशा चित्रफितींना उत्तर म्हणून आणखी चित्रफिती काढून भागणार नाही. खरं उत्तर वेरूळच्या भिंतींवर आहे. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत आपण सहलीच्या गाड्या भरभरून मुलं तिथे नेतो आणि ते उत्तर न दाखवताच परत आणतो. शाळांच्या सहली वेरूळला कशा जातात, किती वेळ थांबतात आणि तिथे काय बघतात, हे शिक्षण विभागाने आणि पुरातत्त्व खात्याने मिळून बदलायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

आधी त्या पाच टनांचा हिशोब करू, कारण सातवीतलं मूलही तो करू शकतं. पाच टन म्हणजे पाच हजार किलो. कामावर पाचशे माणसं असतील तर माणशी तासाला दहा किलो. बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, घनफुटाला ऐंशी किलोच्या आसपास भरतो. म्हणजे एका माणसाने तासाला घनफुटाचा आठवा हिस्सा आणि बारा तासांत दीड घनफूट दगड काढायचा. चित्रफितीतला फुगवलेला आकडा जसाच्या तसा धरला तरी एवढंच निघतं. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांचा अंदाज होता की एक माणूस दिवसाला साधारण चार घनफूट दगड काढू शकतो आणि २५० माणसांना कैलास कोरायला साडेपाच वर्षं पुरली असती. गुणाकार करून बघा: वीस लाख घनफूट, वजनात दीड-पावणेदोन लाख टन. आता जागेवर पडताळा घ्या. कैलासचं प्रांगण सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे. मागचा कडा शंभर फुटांहून उंच आहे आणि पुढच्या बाजूला डोंगर उतरत येतो. मधे उभं राहिलेलं मंदिर वजा केलं की आकडा त्याच घरात येतो. घाट उतरतात तसा एकेक टप्पा घेत मूल स्वतःच तिथे पोचतं, आणि स्वतः काढलेला हिशोब ते सहसा विसरत नाही.

ढवळीकरांचा हा अंदाज आहे, शिलालेख नव्हे. सगळं काम एका राजाच्या काळात झालं का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मुख्य मंदिर राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, म्हणजे इ.स. ७५६ ते ७७३ या दरम्यानचं, असं बहुतेक मानतात. आजूबाजूच्या काही ओवऱ्या आणि मंडप नंतरचे असावेत. पण माणसांच्या हाताने हे झालं की नाही, हा वादाचा मुद्दाच नाही.

कैलासकडे नीट बघायचं तर ते वरून बघावं लागतं. आपण खालून, पश्चिमेच्या दारातून आत शिरतो, समोर गजलक्ष्मी येते, मग दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आणि उंच ध्वजस्तंभ. त्यामुळे हे जमिनीवरून वर चढत गेलेलं मंदिर आहे असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं घडलं. कारागीर डोंगराच्या माथ्यावर उभे होते. त्यांनी तिन्ही बाजूंनी खोल चर खणून मधे दगडाचा एक अखंड ठोकळा मोकळा केला आणि तो शिखरापासून खाली कोरत आणला. शिखर आधी, जोतं शेवटी. त्यामुळे परांची बांधायची गरज पडली नाही; न काढलेला दगड हीच उभं राहायची जागा होती. आज ज्या अंगणात आपण चपला वाजवत फिरतो, ते त्या कामाचा शेवटचा टप्पा. आपण एका प्रचंड खड्ड्याच्या तळाशी उभे असतो, आणि सभोवतीच्या भिंती या मूळ डोंगराच्याच आहेत.

डोंगराच्या कडेने वर जाणारी पायवाट आहे. तिथून मंडपाच्या छतावरचं मोठं कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह दिसतात. खाली दारात उभं राहणाऱ्याला ते दिसतच नाहीत. वरून पाहिलं की कामाचा क्रम डोळ्यांसमोर येतो. म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. विद्यार्थ्यांचा गट आधी वर न्यावा, मग खाली. ज्या क्रमाने कोरलं, त्या क्रमाने दाखवावं. वर भक्कम कठडा हवा, एका वेळी तीसच मुलं हवीत आणि सोबत दोन मोठी माणसं हवीत. याला मोठा प्रकल्प लागत नाही.

प्रत्यक्षात काय होतं, हे सहलीला गेलेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. पहाटे निघालेली गाडी शनिशिंगणापूर करते, देवगड करते, दुपारी वेरूळला येते, घृष्णेश्वराचं दर्शन उरकते, पुढे दौलताबादचा किल्ला असतो आणि संध्याकाळी बीबी का मकबरा व पाणचक्की. या यादीत वेरूळच्या वाट्याला तासभर येतो. त्यातला अर्धा तास रांग लावण्यात, हजेरी घेण्यात आणि फोटोत जातो. एकदा एका शाळेच्या गटाच्या मागे मी काही वेळ चालत होतो. त्यांना माहिती देणारा गृहस्थ रावणानुग्रहाच्या शिल्पासमोर थांबला, कैलास हलवणाऱ्या रावणाची गोष्ट त्याने छान रंगवून सांगितली, आणि शेवटी म्हणाला, "बघा पोरांनो, हे माणसाचं काम नव्हेच." मुलं माना डोलावून पुढे गेली. कौतुकाने बोलला होता तो, त्याचा हेतू वाईट नव्हता. पण ज्यांनी हातांनी ते कोरलं त्यांचं श्रेय एका वाक्यात गेलं, आणि पुढे जी चित्रफीत मुलं बघणार होती तिच्यासाठी जमीन तयार झाली.

इथे एक फरक केला पाहिजे. पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरली, ही गोष्ट आपल्याकडे गावोगाव आहे. तिचा मला कधी राग येत नाही. लोककथा अचंब्यातून येते, आणि कधीकधी तिच्यात जाणकारीही असते. एका जुन्या मराठी ग्रंथात गोष्ट आहे: राजा आजारी पडतो, राणी नवस बोलते की तो बरा झाला तर शिवाचं देऊळ उभारीन आणि त्याचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. सगळे कारागीर हात टेकतात, कारण शिखर दिसायला वर्षं लागणार. मग पैठणचा कोकास पुढे येतो, वरून कोरायला घेतो आणि आठवड्यात राणीला शिखर दाखवतो. राणीचा उपास सोडवण्यासाठी रचलेल्या या गोष्टीत कैलासचं अख्खं तंत्र आहे. ती सांगणाऱ्याला माहीत होतं की काम वरून खाली झालं, आणि ते पैठणच्या एका माणसाच्या डोक्यातून निघालं.

त्याहून जुनी साक्ष ताम्रपटाची. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्कराजाच्या बडोदा ताम्रपटात (इ.स. ८१२-१३) एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या मंदिराचं वर्णन येतं. आकाशातून जाणारे देव ते पाहून थक्क होतात. आणि ज्याने ते केलं तो शिल्पीही पूर्ण झालेलं काम बघून चकित होतो, हे आपल्या हातून कसं झालं, पुन्हा असं जमणार नाही, असं त्याला वाटतं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. काम झाल्यावर पन्नासएक वर्षांतच लिहिलेल्या राजाच्या दानपत्रात देवांच्या शेजारी कारागिराला जागा मिळाली आहे, आणि त्याचं आश्चर्य हे काम करून दमलेल्या माणसाचं आश्चर्य आहे.

परग्रहवासीयांची गोष्ट वेगळी आहे. तिच्या मुळाशी अशी धारणा आहे की इथली माणसं, त्यांची लोखंडी हत्यारं, त्यांची अक्कल हे काम करूच शकत नव्हती. युरोपातल्या कॅथेड्रलबद्दल असं क्वचितच कोणी म्हणतं. वेरूळबद्दल म्हणतात आणि आपण ते अभिमानाने पुढे पाठवतो. त्यात आपल्याच पूर्वजांचा अपमान आहे, हे मुलांना समजावून सांगायला हवं.

समजावून सांगण्यापेक्षा दाखवावं. कैलासच्या प्रांगणाभोवतीच्या उभ्या कड्यांवर हत्याराच्या खुणा आजही आहेत. वरून खाली उतरणारे उथळ, जवळजवळ समांतर चरे. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे दुपारनंतर तिरपं ऊन आलं की ते चरे सावलीने उठून दिसतात. हात लावायची गरज नाही, दोन-तीन फुटांवरून बघितलं तरी कळतं की प्रत्येक चरा म्हणजे एका माणसाच्या हाताच्या पल्ल्याएवढी हालचाल आहे. थोडं बाजूला सरकला की चऱ्यांचा कल किंचित बदलतो. तिथे दुसरा कोणीतरी उभा असेल, किंवा तोच माणूस दुसऱ्या पायावर भार देऊन. मूर्तीच्या चेहऱ्यावर या खुणा घासून गुळगुळीत केल्या, वर पांढरा गिलावा आणि रंग दिला. त्याचे अवशेष अजून आहेत, आणि पूर्वी लोक कैलासला रंगमहालच म्हणत. मागच्या कड्यावर मात्र गिलावा करायचं कोणाला कारण नव्हतं. म्हणून तिथे काम उघडं राहिलं. माहिती देणारे पाठ करून बसतात त्या सगळ्या देवतांच्या नावांआधी मुलांना या कड्यासमोर पाच मिनिटं उभं करावं.

तसंच अर्धवट राहिलेल्या कामाचं. ३० क्रमांकाचं जैन लेणं, ज्याला छोटा कैलास म्हणतात, ते पूर्ण झालं नाही. कैलासच्याच पद्धतीचं, पण लहान, आणि मधेच थांबलेलं. ते इतकं लांब आहे की सहलीची मुलं तिथवर पोचतच नाहीत. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं त्याहून बोलकं आहे. ते पुरं झालं असतं तर तिथल्या सर्वांत मोठ्या विहारांत गणलं गेलं असतं. तिथे काही खांब घडवलेले आहेत आणि काही नुसते दगडाचे ओबडधोबड ठोकळे. पूर्ण झालेली कलाकृती बघून मूल दिपून जातं. अर्धवट काम बघून ते विचारायला लागतं की मग पुढे काय केलं असतं. शिक्षणाच्या दृष्टीने मला दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता मुख्य मागणीकडे येतो. वेरूळला आलेल्या प्रत्येक शाळेला दगड घडवणारा माणूस काम करताना दिसला पाहिजे. आपल्याकडे ही विद्या मेलेली नाही. पाथरवट आणि वडार समाजातल्या कुटुंबांनी महाराष्ट्रातल्या विहिरी, घाटरस्ते, धरणांच्या भिंती, देवळांच्या पायऱ्या घडवल्या. पाट्या-वरवंट्याला टाकी लावून देणाऱ्या बायका आत्ता-आत्तापर्यंत दारोदार यायच्या, काही गावांत अजून येतात. पाट्यावर टाकीचे बारीक ठिपके एका रेषेत, एकसारख्या खोलीचे उमटत जातात, हे ज्याने जवळून पाहिलंय त्याला कैलासच्या भिंतीवरचे चरे अनोळखी वाटणार नाहीत. वेरूळजवळ पर्यटन विभागाने अभ्यागत केंद्राची मोठी इमारत उभारली आहे. तिच्या आवारात बेसॉल्टचे चार-पाच ठोकळे ठेवावेत आणि पगारी नेमणुकीवर कारागीर असावेत. मुलांसमोर त्यांनी पहार आणि पाचर लावून दगड कसा फोडतात, सुतकीचा, म्हणजे मोठ्या हातोड्याचा, घाव कुठे बसला की कपार निघते, मग टाकीने सपाटी कशी आणतात, हे दाखवावं. शेजारी लोहाराचा भाता असावा. कारण बेसॉल्टवर लोखंडी टाकी बोथट व्हायला वेळ लागत नाही. ती पुन्हा तापवून, ठोकून, धार लावून द्यावी लागते. एकदा हे पाहिलं की मुलांच्या लक्षात येईल, कैलास फक्त कोरणाऱ्यांनी कोरला नाही. मागे लोहार होते, त्यांना कोळसा पुरवणारे होते, फुटलेला दगड पाट्यांतून वाहून नेणारे होते, पाणी भरणारे होते. अडीचशे माणसांना रोज माणशी किलोभर धान्य धरलं तरी दिवसाला अडीच क्विंटल, वर्षाला नऊशे क्विंटल. ते कुठल्या शेतांतून आलं, कोणी दळलं? इतिहासाच्या तासाला हा प्रश्न राजांच्या सनावळीपेक्षा जास्त वेळ टिकेल.

पोलंडमधली व्येलिच्काची मिठाची खाण या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. जमिनीखाली १०१ मीटरवर तिथे संत किंगाचं प्रार्थनामंदिर आहे. भिंती, मूर्ती, जमीन, झुंबरांचे लोलकसुद्धा मिठाचे. १८९६ साली काम सुरू झालं आणि पुढे जवळपास सत्तर वर्षं चाललं. युझेफ मार्कोव्स्की, त्याचा भाऊ तोमाश आणि नंतर आंतोनी विरोदेक, हे तिघे खाणकामगार होते. ती खाण १९७८ सालीच, म्हणजे जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत आली. तिथे मार्गदर्शकाशिवाय आत सोडत नाहीत, आणि वाटेवर घोड्यांनी फिरवायची लाकडी उचलयंत्रं, शिड्या, हत्यारं, कामगारांचं जिणं यांतून जावं लागतं. त्यामुळे मंदिरात पोचेपर्यंत बघणाऱ्याला कळलेलं असतं की हे कोणाच्या हातचं आहे. व्येलिच्काच्या कारागिरांची नावं नोंदलेली आहेत, वेरूळच्यांची नाहीत. म्हणून त्यांच्या कामाची ओळख करून देण्याची आपली जबाबदारी उलट वाढते.

या मागणीवर एक आक्षेप असा येईल की वडार-पाथरवटांच्या पोरांना तुम्ही पुन्हा दगडालाच बांधताय. हा आक्षेप मला गंभीर वाटतो. दगड फोडणं हे जातीने लादलेलं, अत्यंत कमी मोलाचं काम राहिलं. दगडाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होतात, सिलिकोसिस म्हणतात त्याला, आणि खाणींवर काम करणाऱ्या कित्येकांनी तो भोगला आहे. म्हणूनच मी मानधनावरच्या हंगामी प्रात्यक्षिकाबद्दल बोलत नाही. ही नियमित, निवृत्तिवेतनाची नोकरी असावी, धूळ बसवायला पाणी आणि तोंडाला योग्य मुखपट्टी असावी, कौशल्याची परीक्षा घेऊन निवड व्हावी आणि ती सगळ्यांना खुली असावी. अभियंत्याची मुलगी या कामाला आली तर उत्तमच. ज्या घरांत ही विद्या पिढ्यांपासून आहे, त्यांना मात्र आज तिचं मोल मिळावं. शाळेतल्या मुलांसमोर उभं राहून शिकवणारा पाथरवट हा शिक्षक आहे आणि त्याला शिक्षकाचा पगार मिळाला पाहिजे.

दुसरा आक्षेप मुख्याध्यापकांचा, आणि तो पैशाचा आहे. एक दिवस वेरूळलाच दिला तर पालक विचारतील, एवढे पैसे भरून एकच ठिकाण? ग्रामीण भागातल्या कितीतरी मुलांच्या नशिबी शाळेची ती एकच मोठी सहल असते. आई-बापांना वाटतं, गेलाच आहे तर सगळं बघून येऊ दे. त्या भावनेला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण खर्च मुळात किलोमीटरला आणि मुक्कामाला असतो. पाच ठिकाणं कमी करून एक-दोन केली की गाडीचं बिल उतरतं, रात्रीचा धोकादायक प्रवास टळतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांत तिकीटही नाही. दुसरं ठिकाण हवंच असेल तर दौलताबाद जोडा, ते वाटेवरच आहे, आणि तिथेही किल्ल्याभोवती उभा कडा तासलेला आहे. तीच दगडावरची मेहनत, पण युद्धासाठी. बाकीची ठिकाणं पुढच्या वर्षीच्या तुकडीला राहू द्यावीत. आणि ज्यांची शाळा छत्रपती संभाजीनगरपासून फार दूर आहे, त्यांनी जवळचं लेणं धरावं. कार्ला, भाजे, कान्हेरी, घारापुरी, नाशिकची पांडवलेणी, कऱ्हाडजवळची आगाशिवची लेणी. सह्याद्रीच्या या राज्यात बहुतेक जिल्ह्यांना दिवसभरात जाऊन येण्यासारखं कोरीव काम आहे. वेरूळ न पाहताही छिन्नीच्या खुणा बघता येतात.

तिसरी गोष्ट श्रद्धेची. कोणी म्हणेल, देवाच्या जागी तुम्ही हिशोब आणि हत्यारं घेऊन बसलात. वेरूळची लेणी बौद्ध, हिंदू आणि जैन अशा तिन्ही परंपरांची आहेत, एकाच डोंगरात, दोन किलोमीटरच्या पट्ट्यात. त्यांत ध्यान झालं, पूजा झाली, चक्रधरस्वामींनी मुक्काम केला. ती पवित्र आहेत म्हणूनच कोणीतरी इतकं कष्टाने ती कोरली. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण उठता-बसता म्हणतो. त्या घावांच्या खुणा मुलांना दाखवल्याने देवाचं काय कमी होणार आहे?

पुढच्या सहलींच्या हंगामाआधी यातलं निम्मं तरी होऊ शकतं. माथ्यावर कठडा आणि वेळेची वाटणी पुरातत्त्व खातं ठरवू शकतं. एका दिवसात दोनपेक्षा जास्त ठिकाणं नकोत आणि वेरूळला किमान चार तास हवेत, एवढं परिपत्रक शिक्षण विभाग काढू शकतो. दुपारी तीननंतर, ऊन तिरपं झाल्यावर, मागच्या कड्यासमोर गट उभा करायचा, हे मराठी बोलणाऱ्या मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणात घालता येईल. कारागिरांच्या नेमणुकांना वेळ लागेल, त्यासाठी आर्थिक तरतूद लागेल, आणि त्याचा पाठपुरावा आमदार-खासदारांकडे करावा लागेल. तोवर एखाद्या शाळेने गावातल्याच पाथरवटाला त्याची दिवसाची मजुरी देऊन सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात बोलवायला काय हरकत आहे? एक दगड, एक टाकी, एक हातोडा आणि मोजायला फूटपट्टी. तासाभरात किती निघालं, ते मुलांनीच वहीत लिहावं आणि ती वही घेऊन वेरूळला जावं.